होडी नसलेला समुद्र

प्रिय बाबा,

आज ठाण्यात तुमच्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. घरी येऊन चपला काढता काढता "बाबा, ऐका ना" म्हणाले, आणि मग आठवलं, तुम्ही आता नाही. म्हणून हे पत्र.

डोंबिवलीत राहून समुद्रच का हो रंगवायचात? होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या, आणि हौस मात्र दर्याची! चित्रकलेच्या तासाला मुलांना सांगायचात ती गोष्ट मला अजून पाठ आहे. आधी युरोपातल्या चित्रांत समुद्र म्हणजे नुसता मागचा पडदा, पुढे संत नाहीतर राजे. मग हॉलंडच्या व्यापाऱ्यांना आपापल्या जहाजांची चित्रं हवीशी झाली, दोरन्‌दोर बिनचूक. पुढे वादळं मोठी होत गेली, जहाजं लहान. शेवटी काहींनी जहाजच काढून टाकलं. उरलं पाणी आणि उजेड. "तिथवर जायला छाती लागते गं," म्हणायचात.

तुमच्या चित्रात मात्र होडी असायचीच. आणि कोळी लोक होडीला नाव देतात तसं तिच्या पुढच्या टोकावर आईचं नाव, 'सुमन'. नातेवाईक चिडवायचे. आई लटकं रागवायची, पण नवं चित्र दिसलं की आधी नाव शोधायची.

आणि शेवटच्या चित्रात होडीच नाही! नुसतं सकाळचं पाणी. पुरं झालं होतं का हो ते? विचारायचं राहूनच गेलं.

आईला फार लागलं. "मलाच उतरवलं की वाटेत!" म्हणाली. मग माझ्या मागे लागली, "अगं, तू काढ ना एक छोटीशी. तुला येतं." मी रंगही कालवला. हात धजला नाही. चित्र तसंच टांगलं, आणि आई गाल फुगवून बसली.

आज ती त्याच चित्रासमोर खुर्ची टाकून होती, बराच वेळ. एक बाई आल्या. "सगळीकडे 'सुमन' आहे, मग यातच होडी का नाही काढली?"

आई हसली. "अहो, दिसेल कशी? आम्ही दोघं तिच्यातच बसलोय ना!"

बाबा, मला तिथेच रडू आलं. पण किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हे चित्र मी विकणार नाही. आईच्या पलंगासमोर लावते. आणि त्याला कुणाचाही ब्रश लागू देणार नाही, माझासुद्धा. शब्द देते.

तुमची,
मनू