बुटात घातलेला हात

दादा,

रविवारी तू मला न्यायला येतोयस म्हणे. आईला म्हणालास, "फुकट दवाखान्यात लोकांचे जोडे उचलते, आपलं नाक कापलं."

हो, उचलते! इथल्या डॉक्टरीणबाई पैसे न घेता शुगरवाल्यांचे पाय जपतात. सिस्टर जखमा धुतात, आणि मी प्रत्येकाच्या बुटात हात घालून चाचपते, कारण या लोकांच्या पायांना टोचलेलं कळतच नाही. काल एका वॉचमनकाकांच्या बुटात खिळा सापडला. बूट मात्र काय चकाचक, त्यात तोंड बघून घ्यावं! तर काका म्हणतात, "आयला, यावर तर मी दिवसभर उभा होतो!" सिस्टर म्हणाल्या, "पोरी, आज एक पाय वाचवलास." इतक्या नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, पण असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं.

मी येणार नाही. तूच परत जा आणि बाबांना घेऊन ये. त्यांचीही शुगर वाढलीय, आणि त्यांच्या बुटात आपल्या घरात कुणी कधी हात घातलाय का? मी घालणार, इथे रांगेत बसवून, सगळ्यांदेखत.

हे पत्र टपालात टाकत नाही. तू आलास की तोंडावर वाचून दाखवीन.

तुझीच,
भटकभवानी