बरडाला पाणी देऊ नये

हो, पूर्ण शुद्धीत आहे वकीलसाहेब, आणि तुमच्या इथला पांचट चहाही पिऊन झालाय. तेही लिहू का? मोतीलाल वकील म्हणतात, चहा सोडून बाकीचं लिहा.

तर मी, वच्छलाबाई दगा निकुंभ, विधवा, गावच्या शाळेत सातवी पास, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर वाकडं आहे, मन सरळ आहे.

घर आणि विहिरीजवळचं काळं वावर माझा मुलगा झुलाल याला मिळावं. घरासोबत माझी खाटही त्याचीच. तिचा एक पाय डुगडुगतो हे मी किती वेळा सांगितलं. आता स्वतः झोपून बघ म्हणावं.

पोस्टातले पैसे नातवंडांच्या शिक्षणाला. दिवसकार्यात उधळू नयेत. तेराव्याला जिलबी मात्र पाहिजेच. माझ्या नावाने लोकांनी बोटं चाटली पाहिजेत.

कुदळ, विळे आणि औषधी मुळ्या वाळवायची ताडपत्री शेजारच्या आबेदाला द्यावी. आम्ही दोघी मिळून मुळ्या खणतो. ती खणताना इतकं बोलते की मुळी कंटाळून आपणहून वर येते.

आता खरी गोष्ट.

डोंगराच्या अंगाला माझं बरड आहे. नुसते दगडगोटे आणि ऊन. विहिरीचं पाणी तिथवर चढत नाही. काळ्या वावरात आणि बरडात, दोन्हीकडे मी आसकंद लावते. शिकलेले लोक त्याला अश्वगंधा म्हणतात. काळ्या वावरात मुळी अंगठ्याएवढी होते, मोडली की आत पांढरी, पिठूळ. बरडातली करंगळीहून बारीक. धुळ्याचे व्यापारी अभयकुमार शेठ माल निवडायला बसले की जाड मुळ्या पहिल्या ढिगात आणि बरडाच्या शेवटच्या ढिगात टाकायचे. म्हणायचे, "वच्छलाबाई, या काड्या चुलीत घाला." मलाही तेच वाटायचं. शरमेने मी बरडाचा माल जाड मुळ्यांच्या पोत्यात तळाशी दडवायचे. शेठ वस्ताद, पोतं उलटं करूनच ओतायचे.

शेठची नात प्रियल शिरपूरला फार्मसी शिकते. यंदा फाल्गुनात तिने दोन्ही ढिगांतून मूठ मूठ मुळ्या कॉलेजात तपासायला नेल्या. परवा पोर स्कुटीवरून ओरडतच अंगणात आली, "आजी, काड्या जिंकल्या!"

"काय जिंकलं त्यांनी?"

"औषध! तुमच्या काड्यांत जाड मुळ्यांपेक्षा जास्त औषध निघालं."

मग ओट्यावर बसून तिने समजावलं. झाडाला तहान लागली, ऊन सोसावं लागलं की ते स्वतःला वाचवायला आतल्या आत कडू औषध तयार करतं. सुखात पाणी पिणारं झाड पीठ साठवून फुगतं. व्यापारी पाहतो जाडी, आणि गुण राहतो कडूपणात.

"मग मला मोडून बघ की," मी म्हटलं. "पोतंभर निघेल."

पोर हसून लोळली. मग म्हणाली, "पण आजी, ताण फार झाला तर झाडच जातं. आणि एका वर्षाच्या तपासणीवर आमच्या मॅडमचा भरवसा नाही. अजून दोन हंगाम बरड असंच कोरडं ठेवाल?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि शेठना फोन लावला. "शेठ, चुलीत काय घालू?" पलीकडून नुसता खोकला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकील सांगतात, म्हणून मी मुद्दाम शेठनाच साक्षीदार केलंय.

झुलालने मात्र विहिरीवर मोठी मोटर बसवून बरडावर ठिबक टाकायचं ठरवलंय. नळ्यांची वेटोळी ओट्यावर येऊन पडली आहेत. पोरगा वाईट नाही. म्हणतो, "माय, तू जल्मभर त्या दगडेस्मा मरनी. आते मी बठ्ठं बरड हिरवं करी टाकसू. मुळ्या कश्या जाड व्हतीन, देखजो!"

म्हणून बरड मी सून डिंपल हिच्या नावे करते. कारण ती तुळशीलासुद्धा पाणी घालायला विसरते. डिंपल, रागावू नकोस बाई, तुझा हा गुण एकदाचा कामाला आला.

अट अशी, की बरडाला पावसाचं पाणी मिळेल तेवढंच. झाडं माना टाकून वाळायला लागली तर जीव राहील इतकं द्यावं, त्यावर थेंब नाही. खत नाही. दोन्ही वावरांच्या मुळ्या वेगवेगळ्या पोत्यांत प्रियलकडे पोचवाव्या. दोन हंगामांनी काड्या हरल्या, तर झुलालने खुशाल ठिबक टाकावं. मी वरून टाळ्या वाजवीन.

ठिकाण: शिरपूर
दिनांक: १७ एप्रिल २०२५

साक्षीदार: अभयकुमार छाजेड, व्यापारी, धुळे (पुन्हा खोकले)
साक्षीदार: नासीर शेख, रिक्षावाला, मला इथवर आणणारा

सहीच्या वर कोरी जागा सोडली तर कोणीही काहीही घुसडतं, असं मोतीलाल वकील म्हणतात. थोडी उरली आहे, ती भरते. मला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी परवाच ठणठणीत म्हणून सांगितलं. सोमवारी ठिबकवाला यायचा आहे, त्याआधी वकिलांनी घरी येऊन हे झुलालसमोर मोठ्याने वाचावं, एवढ्यासाठीच हा कागद केलाय. साऱ्या गावाची टर उडवते मी, पण माझ्यासाठी हौसेने नळ्या आणलेल्या पोराच्या तोंडावर "नको" म्हणायची मला हिंमत होत नाही.

सही: वच्छलाबाई दगा निकुंभ