फोटिसच्या वाट्याचा केक

१ जानेवारी, दुपार

घडलं ते असं:

१. नववर्षाचा केक सासूबाईंनी कापला; आपल्या ग्रीक रीतीप्रमाणे आत एक नाणं लपवलेलं असतं. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा घराचा, तिसरा त्यांचा.

२. चौथा खरं तर फोटिसचा. तो त्यांनी माझ्या ताटलीत वाढला.

३. उरलेला पाचवा त्या कोंबड्यांना टाकणार होत्या. मी फोटिसचा म्हणून काढून घेतला.

४. नाणं आमच्या चार तुकड्यांत निघालं नाही. म्हणजे फोटिसच्या तुकड्यात आहे. वर्षाचं नशीब त्याचं.

सासूबाई पोटच्या मुलाला विसरल्या. वय झालं.

फोटिस, माझा नवरा, नोव्हेंबरपासून श्टुटगार्टला कामाला आहे. सहा तारखेला त्याचा नामदिन, त्याच्या नावाचा सण, येईलच. तोवर केक मऊ ठेवणं अवघड नाही, मी डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत सफरचंदाची फोड, फोड रोज बदलायची. फ्रिज नको, फ्रिजमध्ये केक लवकर कडक होतो. हे सासूबाईंना समजावलं.

६ जानेवारी

आला नाही. कामाची घाई. फोनवर मागून एक बाई त्याला जेवायला हाक मारत होती. घरमालकीण असावी. जेवायला घालणारी मालकीण मिळाली, हे बरंच.

सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुधातलं पाणी ओळखायचा पगार घेतेस ना गं तू? हो म्हटलं. माझ्या नोकरीची त्या क्वचितच चौकशी करतात.

११ जानेवारी

कडा कोरड्या पडताहेत. निर्णय: फ्रीजर. आधी प्लास्टिकची फिल्म, वर फॉइल, आत हवा अजिबात नको. ईस्टरपर्यंत चिंता मिटली.

२ फेब्रुवारी

फोटिसनं जाड कोट मागवला. लग्नाचा दाखलाही. जर्मन कार्यालयांना सगळेच कागद लागतात. दोन्ही पाठवले.

१३ फेब्रुवारी

केक फ्रिजच्या दारात सापडला. फॉइल उघडी, तुकडा दगड. सासूबाईंनी ऑक्टोपससाठी फ्रीजरमध्ये जागा केली होती. म्हणाल्या, ऑक्टोपस निदान या घरात खाल्ला तरी जाईल.

मी रागावले नाही. तुकडा फोडला, चुरा चाळणीतून काढला. नाणं नाही.

विचारलं. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, यंदा घातलंच नव्हतं गं, एरिफिली. कुणाला निघायला हवं होतं? तुला निघालं असतं, तर आणखी वर्षभर त्याची वाट बघत बसली असतीस.

ऑक्टोपस चिवट होता. दोघींनी खाल्ला. चुरा कोंबड्यांना टाकला.

१४ फेब्रुवारी

फोटिसला पाठवलं, ते इथे उतरवून ठेवते:

तुझ्या वाट्याचा केक खराब झाला. दुसरा करीन. तो किती दिवस टिकवायचा हे ठरवायला तू कधी येणार ते कळायला हवं. येणार नसशील, तर तसं लिही. गुरुवार, २० फेब्रुवारीपर्यंत उत्तर दे.