साळूबाईंनी सांगितलेलं नाव

रामकिसन,

सकाळी सात वाजता कॉम्प्युटरवर मी रेकॉर्ड केलेली साळूबाईंची मुलाखत लावली आणि खोली नुसती घुमली. कापसाच्या जिनिंगमध्ये चालू यंत्रात हात घालायला त्यांच्या नवऱ्याला कोणी सांगितलं, ते नाव काही ऐकू आलं नाही. बातमी आज जायची आहे.

दुकानात बातम्या लावून, बोलणं पारखून मी स्पीकरची छोटी जोडी निवडली होती. तू परस्पर बदलून हे धूड आणलंस. वर म्हणतोस, "दादा, पैसे तेवढेच, अन् दणका डबल!" माझा एक कान गेलाय, हे घरात राहून तुला माहीत नाही?

स्पीकर तूच परत कर. साळूबाईंना तेच दुःख पुन्हा सांगायला लावायला मी अंबडला निघालोय. आत्ताच त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, साळूबाईंच्या दाराला कुलूप आहे.

दादा