सात नंबरच्या टाकीचं कार्ड

दि. ३ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. अकरा वर्षांनी पत्र लिहिताना "इकडे सर्व क्षेम" असं दडपून लिहायला हात धजत नाही, म्हणून खरं तेच लिहिते. बाबांचे गुडघे गेलेत, जीभ ठणठणीत आहे. द्राक्षं यंदा छान धरली आहेत. वरच्या टप्प्यावरच्या जुन्या वेली मी तू छाटायचास तशाच छाटते, आणि छाटताना तू घालायचास त्याच शिव्या घालते.

वहिनींनी पाठवलेलं पार्सल मिळालं. त्यांना लिहिलेलं माझं पत्र तू पाहिलंस हेही त्यांनी कळवलं. त्यांच्यावर चिडू नकोस. तोडणीची वही मी मागितली होती, त्यांनी फक्त पाठवली.

वही कशाला हवी होती ते सांगते. त्या प्रकरणानंतर टेकडीचं नाव सगळ्यांच्याच लेबलवरून काढलं गेलं, हे तुला माहीतच आहे. दहा वर्षं आम्ही सातही बागायतदार बाटलीवर नुसतं खोऱ्याचं नाव छापतोय. ती मुदत आता संपली. नाव परत मिळावं म्हणून अर्ज केला आहे, त्याला जुन्या तोडण्यांचे आकडे लागतात, आणि तो लिहायचं काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडलं. "तू शिकलेली," म्हणाले. शिकलेल्या माणसाला आपल्याकडे कामच जास्त.

लेबल म्हणजे काय भानगड असते ते तुला नव्याने सांगायला नको. टेकडीचं नाव घालायचं तर बाटलीतली सगळी द्राक्षं टेकडीवरचीच हवीत. टेकडीच्या नावाची अक्षरं बनवणाऱ्याच्या नावापेक्षा मोठी नकोत. विशेषणं तर अजिबात नकोत. बाबांना "अस्सल" हा शब्द हवाच होता. छापखानेवाला मोजपट्टी काढून म्हणाला, "काका, अस्सल असेल तर लिहायची गरज नाही, आणि नसेल तर लिहून उपयोग नाही." बाबा चार दिवस त्याच्या दुकानाकडे फिरकले नाहीत.

अर्जात टेकडीचा इतिहासही लिहायचा होता. पणजोबांची पहिली वाईन आंबून तिचा सिरका झाला आणि त्यांनी तोच वर्षभर विकला, हे मी मुद्दाम घातलं. मग आजोबांचे दिवस. तेव्हा वाईन पिंपांतून जायची आणि पिंपावर खडूने टेकडीचं नाव लिहिलेलं असायचं. शहरातले व्यापारी कसल्याही पिंपावर तोच खडू फिरवायचे. टेकडी एक, आणि तिच्या नावाची वाईन दहा टेकड्यांची. शेवटी आजोबांनी आणखी चौघांना घेऊन सीमेचे दगड रोवले आणि नावाचा कायदा व्हावा म्हणून सहा वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. हे लिहिताना मला फार अभिमान वाटत होता. मग मी तुझी वही उघडली.

त्या वर्षाच्या पानांत सात नंबरच्या टाकीचं कार्ड होतं, आत कुठली द्राक्षं आहेत ते लिहून टाकीला अडकवतात ते.

तपासनीसाने सगळ्या टाक्यांची कार्डं मागितली, तेव्हा हेच एक सापडलं नव्हतं. टेकडीवर सहा हजार बाटल्यांचीच द्राक्षं पिकली होती आणि तिच्या नावाने नऊ हजार विकल्या गेल्या होत्या. तळघराचा प्रमुख तू, सही तुझी, आणि कार्ड गायब. तूच ते दडवलंस असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. तू दडवलंस, कारण त्यावर अक्षर माझं होतं, आणि टाक्यांना कार्डं लावणारीही मीच होते.

मला काही ठाऊक नव्हतं, असं लिहून हे पत्र इथेच संपवता आलं असतं. तसा एक कागद लिहून फाडलाही. दादा, मला ठाऊक होतं. टाक्या बाहेरून धुताना चार नंबरचं आणि सात नंबरचं कार्ड मी काढून ठेवलं होतं. सहाला सिनेमा होता, मैत्रीण फाटकाशी उभी होती, मी हाताला येईल ते कार्ड हाताला येईल त्या टाकीला अडकवलं आणि पळाले. टेकडीची वाईन चारमध्ये होती; खालच्या सपाटीवरच्या द्राक्षांची सात नंबरची मोठी टाकी कार्डामुळे टेकडीची झाली. तू आठवडाभर बाहेरगावी गेला होतास. बाबांनी कार्ड वाचून बाटल्या भरून घेतल्या आणि विकायलाही पाठवल्या. तू परत येऊन एक घोट घेतलास आणि माझ्याकडे पाहिलंस. तेवढ्यावरून मला कळलं होतं. कार्ड सापडत नाही म्हणताच मला हायसं वाटलं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्याच महिन्यात वाईनशाळेतून माझं प्रवेशाचं पत्र आलं होतं. माझ्या नावावर असला डाग लागला असता तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. मी तिथे शिकले, पहिली आले, परत येऊन तुझ्या जागेवर बसले. तू काचेच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्या उजेडाला धरून तपासत राहिलास. बाबांनी तुला "या उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस" म्हटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं.

बाबांना मी शनिवारी सांगितलं. कार्ड समोर ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते म्हणाले, "तेव्हाही मी एवढंच केलं. कार्ड वाचलं. चाखून पाहिलं नाही." उठताना म्हणाले, हेही अर्जात लिही, माझ्या नावासकट.

लिहिलं. अर्जात चौदावा रकाना आहे: यापूर्वी नावाचा गैरवापर झाला असल्यास कारण व जबाबदार व्यक्ती. तिथे तुला दोषी ठरवणाऱ्या जुन्या हुकुमातलं तुझं नाव उतरवून काढायचं, अशी सर्वांची अपेक्षा होती. मी माझं नाव लिहिलं आणि काल स्वतः जाऊन अर्ज दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, टेकडीच्या नावाचं काय होईल ते सुनावणीत ठरेल, कदाचित आणखी एखादं वर्ष थांबावं लागेल. पण तुझ्यावरचा हुकूम माझ्या जबाबावर रद्द होतो, त्याला सुनावणी लागत नाही. तो कालच रद्द झाला. नक्कल सोबत जोडली आहे. नीट वाच, शिक्का खरा आहे.

बाकीच्या सहाही घरी मी जाऊन आले. पलीकडच्या बागेतल्या काकू तोंडावर म्हणाल्या की दहा वर्षं आम्ही तुझ्या भावाला बोल लावले, आता तुला लावू. लावा म्हटलं. हिशेब बरोबर आहे. तरी सुनावणीला त्या माझ्याच गाडीतून येणार आहेत, कारण त्यांची बंद पडली आहे.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, सावकाश ठरव. पण तोडणी पंचवीस तारखेला सुरू होते, आणि टेकडीची द्राक्षं यंदा मी सात नंबरमध्येच घालणार आहे. टाकी धुऊन ठेवली आहे. नवं कार्ड कोरं आहे. ते तू लिहावंस असं मला वाटतं, आणि बाबांनाही वाटतं. ते रोज फाटकाच्या बिजागरीला तेल घालतात, आणि विचारलं तर करकरते म्हणून सांगतात.

वही परत पाठवते. तिच्यातलं जुनं कार्ड मात्र तुला मिळणार नाही. ते अर्जाला जोडलं आहे, पुरावा म्हणून, माझ्या सहीखाली.

सात नंबरचं कार्ड लावणारी,
तुझी धाकटी