रास पुजल्याशिवाय उठणार नाही

तीर्थस्वरूप वाल्मिकदादास, धाकट्या भगीरथचा दोन्ही हात जोडून नमस्कार (डावा हातही आता वर जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं).

इकडे सर्व खुशाल. तिकडे वाशिंदला तू, जयावहिनी आणि लेक मनस्वी कसे आहात? वहिनीचा फोन होता. जिना चढताना तुझ्या छातीत जळजळतं आणि तू ओव्यावर भागवतोस म्हणे. ओवा मीही खाल्ला होता, त्याचीच हकिगत कळवतो.

गेल्या महिन्यात खळ्यावर भात झोडत होतो. सकाळपासून डावा हात भरून येत होता, त्याचा आळ झोडणीवर घातला. दरदरून घाम फुटला, तो उन्हावर. मग छातीवर भाताचं पोतं ठेवल्यासारखं झालं. म्हटलं, पित्त. मूठभर ओवा चावला. शेजारचा हनुमान शीर चोळायला आला (त्याने असं चोळलं की मूळ दुखणं कुठलं आणि हनुमानाचं कुठलं, ते कळेना). तेवढ्यात तुझी भावजय आली. देवकी आशाताई म्हणून गावभर फिरते, माणसाचा रंग बघून दुखणं ओळखते. म्हणाली, दवाखान्यात चला. आता तूच सांग, रास पुजल्यावाचून खळ्याचा मालक उठतो का? आपल्या घराण्यात कोणी उठलाय? मी सांगितलं, "शेंडी तुटो की पारंबी, रास पुजल्याबिगर मी नाय उठायचा." ही बाई वाद घालत बसली नाही. फोन करून गाडी बोलावली, गाडी येईतो राशीला हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या हाताने नारळ फोडला (पुरुषाचा मान, दादा!) आणि म्हणाली, "पुजली रास. आता उठताय का उचलू?" खरंच उचललं असतं तिने.

मुरबाडला ईसीजी काढला, तिथून पुढे कल्याणला पाठवलं. हृदयाची नळी तुंबली होती, तिच्यात जाळी बसवली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला हा त्रास? मी छातीठोक (त्या छातीने!) सांगितलं, कोणाला नाय. बाबा सिद्धगडाच्या रानात भुताची झडप लागून गेले, चांगोकाका हळदीत नाचताना दृष्ट लागून, आणि आजोबांना बाराव्याचे लाडू बाधले. देवकी मागून म्हणाली, "डॉक्टर, तिघंबी छाती धरून गेले, आन पन्नाशीच्या आत." तीन पिढ्यांना जे उमगलं नाही ते हिने एका वाक्यात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, भावाचीही तपासणी करा. जमिनीच्या वाटणीत तुला कमी आलं असं तू नेहमी म्हणतोस, ही मिळकत मात्र अजून सामाईक आहे.

माझी तंबाखूची डबी देवकीने चुलीत घातली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण अशी बायको मिळाल्याचा मला अभिमान वाटतो हे तिला कधी बोललो नाही. तूही बोलू नकोस.

तुझा, अजून असलेला,
भगीरथ

ता. क. पत्र देवकीच घेऊन आली आहे (वाटेत वाचलं असेल तर असो). खाली रिक्षा उभी आहे. शहापूरला डॉक्टरकडे तुझा नंबर अकराचा आहे. शर्ट घाल.

ता. क. दुसरा. येत्या वैशाखात तुला पन्नासावं लागेल. बाबांना रानातून आणताना आपण दोघांनी खांदा दिला होता. मला आता डॉक्टरांनी जड उचलायची मनाई केली आहे. तेव्हा दादा, स्वतःच्या पायांनी चल.