मागून काढलेला केर

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! आंबा घाट उतरल्याबरोबर सांगलीची कोरडी हवा मागे पडली आणि एसटीच्या खिडकीतून ओलसर, खारट वारा आत आला. निवृत्त बाईने नव्या गावी बिऱ्हाड करावं का, यावर सांगलीत सगळ्यांनी मला व्याख्यानं दिली. मी आयुष्यभर इतरांना दिली, तेव्हा तक्रार नाही. सावनी लोटे गावच्या रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागल्यापासून आमची भेट दिवाळीपुरती उरली होती. लोट्याच्या वासात राहू नकोस, रत्नागिरीत घर घे, मी दर रविवारी येते, असं तिनेच सांगितलं. लेक दर रविवारी भेटणार असेल तर मी चंद्रावरही बिऱ्हाड करीन.

नाचणे रस्त्यावरचं हे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मालक उन्मेष मुंबईला असतो. या मुलाने दाराला किल्लीच ठेवलेली नाही. चौकोनी काचेवर बोट टेकवायचं की दार उघडतं, आतून बाहेर जातानाही तसंच. घर बघायला आलो तेव्हाच त्याने माझं आणि सावनीचं बोट नोंदवून ठेवलं होतं. लहान पोरासारखी मी चारदा उघडझाप केली.

पुण्याच्या ग्राहक मासिकाने पाठवलेलं खोकं माझ्याआधी येऊन बसलं होतं. यंत्र-झाडूची चाचणी, महिनाभर वापरून अहवाल मी लिहायचा. फरशीवर आपण होऊन फिरायचं, केर गिळायचा आणि परत येऊन तो आपल्याच पेटीतल्या पिशवीत ओकायचा. माणसाने महिनाभर हात लावायचा नाही. ज्या देशात बाईचा निम्मा जन्म कमरेतून वाकून जातो, तिथे या गोल तबकडीची मिरवणूक काढायला हवी!

४ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्र मराठी बोलतं. आवाज बाईचा, बातम्या देणारीसारखा नीटस. सफाई सुरू करत आहे, म्हणतं. मी चक्क हो म्हणाले.

अहवालाचे मथळे मीच ठरवले: ओढ, आवाज, कोपरे, अडथळा ओळखणे, पेटी रिकामी करणे. इथे रस्त्याचं काम चालू असल्याने जांभ्याची तांबडी धूळ खिडकीच्या फटीतूनही येते. ती यंत्राने सहज ओढली. अडथळा ओळखणे तर उत्तम. मी वाटेत उभी राहिले की माझ्या पावलापासून वीतभर अंतरावर थबकतं, वळसा घालतं. इतका आदर मला आजवर कुठल्याही पुरुषाने दाखवला नव्हता, असं अहवालात लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

बारीक भुकटीच्या परीक्षेसाठी बैठकीच्या खोलीत तांदळाचं पीठ पसरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून खिडक्या लावल्या, तेवढ्यात वीज गेली. पीठ सारखं पसरलंय का ते तिरप्या उजेडात दिसावं म्हणून दिवाळीतली एक पणती लावून जमिनीवर ठेवली. त्याच वेळी शेजारच्या हेमावहिनी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरच खिळल्या. चेहरा पांढरा. कोण गेलं, म्हणून त्यांनी हळूच विचारलं. क्षणभर मला कळेना. मग हसू फुटलं. माणूस गेल्यावर त्याच्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पिठात कुणाची पावलं उमटली ते बघतात. मी अगदी तस्साच थाट मांडला होता! मी यंत्र दाखवलं. वहिनींनी वड्या दिल्या, पण पाय आत टाकला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज वहिनींशी वाद. यंत्रात एक सोय आहे. त्याला घरच्यांचे फोन जोडून ठेवायचे. शेवटचा फोन घराबाहेर पडला की घर रिकामं झालं असं ते समजतं आणि लागलीच कामाला लागतं. मी ही सोय कौतुकाने सांगितली, तर वहिनींनी कानाला हात लावले. घरातून माणूस बाहेर पडलं की मागून लगेच केर काढू नये हो ताई, म्हणाल्या. तसा केर फक्त मढं उचलल्यावर काढतात. बाहेर पडलेलं माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत तरी थांबावं, नाहीतर घराला वाटतं हे गेलंच. आतून त्यांचे यजमान राजाभाऊ ओरडले की ते यंत्र आमच्याकडे पाठवा, हिच्या तोंडावर चालवून बघू.

मी हसले, पण ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. जिन्यातच मी पाऊण तास बोलले. केर कधी काढावा, केस कधी विंचरावेत, उंबरा कुठल्या पायाने ओलांडावा, हे सगळे नियम फक्त बायकांच्याच हातापायांना का? घराला वाटतं म्हणे! घराला काही वाटत नसतं. वाटतं ते माणसांना, आणि त्यांना ते वाटायला लावलं जातं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, शिकलेल्या माणसाला देव बुद्धी देतो नि भीती काढून घेतो, ते काही बरं नाही हो.

घरी येऊन मुद्दाम तीच सोय चालू केली. मग भाट्याच्या किनाऱ्यावर फिरून आले. घर लख्ख!

९ नोव्हेंबर, रविवार

सावनी आली. सकाळच्या एसटीत संगमेश्वरपर्यंत झोपली आणि पुढे रस्त्याच्या खड्ड्यांनी जागी ठेवली, म्हणाली. बांगड्याचं तिखलं केलं. तिने यंत्राला तिचाही फोन जोडला. आता आई घरात आहे की नाही ते मला लोट्याहून कळेल, पळून जाऊ नकोस, म्हणाली. संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी घरात होते, म्हणून यंत्र गप्प बसलं. जाताना मिठी मारून म्हणाली, बारीक झालीस का गं? हाताला लागतच नाहीस.

१० नोव्हेंबर, सोमवार

गुरुवारपासून जवळजवळ रोज बाहेर पडले. वाचनालय, बँक, बाजार. परत आल्यावर दर वेळी फरशी आरशासारखी.

मारुती मंदिराजवळ तीन रिक्षांना हात केला. एकही थांबली नाही. चौथीत मी बसलेसुद्धा, तर रिक्षावाला मागे न बघता दुसऱ्याच गिऱ्हाइकाला या म्हणाला, आणि ते गिऱ्हाईक जवळजवळ माझ्या मांडीवर बसलं. मी ओरडले तेव्हा दोघं दचकले. गावाची शिस्त, दुसरं काय!

दमट हवेने बोटं सुकत नाहीत. फोनचा पडदा बोट ओळखत नाही, दारही दोन-तीनदा टेकवल्यावर उघडतं. अहवालात नोंदवावं का?

१२ नोव्हेंबर, बुधवार

गंगा मासेवाली जिन्यात बसली होती. तिला सौंदाळ्यांचा भाव विचारला. तिने उत्तर दिलं नाही. हेमावहिनी खाली आल्या तर त्यांना मात्र तोंड भरून हाक! मग ती वहिनींना विचारते, ती सांगलीची बाय कशी होती गो, बोलायची लय म्हणे. होती. बोलायची. मी तिच्या पाटीला टेकून उभी होते. वहिनी म्हणाल्या, असेल आत. आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे.

वर येऊन पेटीची पिशवी उघडली. महिनाभर पुरेल असं माहितीपत्रकात लिहिलंय, आणि ती आत्ताच गच्च. तांबडी धूळ मूठभरच. बाकी सगळं करडं, मऊ, पिठाहून बारीक. हातात घेतलं तर कोमट. त्याला माझ्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. मधोमध तुळशीचं एक पान होतं, ताजं.

माझ्या घरात तुळस नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

आज महिला मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय माझा नेहमीचा, झाडू आणि स्वातंत्र्य. दर्शना या मंडळाच्या सचिव. त्यांनी आठवड्यापूर्वी फोनवर फार अगत्याने बोलावलं होतं. वेळेवर पोचले. व्यासपीठावर जाऊन बसले. बायका एकमेकींशी बोलत होत्या. मी उठले, माईकसमोर उभी राहिले, बोलू लागले. तीस वर्षं बोलते आहे. सभा हसवली आहे, रडवली आहे, दगडही झेलले आहेत. आज पहिल्या रांगेतली बाई माझ्या तोंडासमोर जांभई देत मागच्या बाईला वेलची मागत होती. मी आवाज चढवला. किंचाळले. दर्शनाबाई उठल्या, माझ्या शेजारून माईक ओढून घेतला आणि म्हणाल्या, वक्त्या काही आलेल्या दिसत नाहीत, आपण चहा घेऊ या.

दगड परवडला असता.

परत कशी आले ते आठवत नाही. मंडळाच्या पायऱ्या उतरले. मग एकदम घरात उभी होते. दाराला बोट टेकवल्याचं आठवत नाही. यंत्र माझ्या पायांशी फिरत होतं आणि तो नीटस आवाज म्हणत होता, घर रिकामं आहे, सफाई सुरू आहे.

घर रिकामं नाही. मी आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हिशेब लागला. मी बाहेर पडले की ते मागून केर काढतं. दर वेळी. मुद्दाम चालू केलेली सोय. दर वेळी घराला वाटलं, ही गेली. दर वेळी थोडी थोडी गेले. वहिनी हेच सांगत होत्या आणि मी जिन्यात पाऊण तास —

सोय बंद करायला फोन घेतला. पडद्याला माझं बोट कळत नाही. सुकवलं, पुसलं, चाटलं. नाही.

मग बाहेर पडायचंच नाही. साधा उपाय. पण ते थांबत नाही. माझा फोन घरातच आहे, तरी त्याच्या मते घरात कुणी नाही. सकाळपासून फिरतं आहे. उलटं करून ठेवलं, पाणी प्यायला गेले, परत आले तर सुलटं. फिरतंय. तार उपटायला गेले, तर हातात धरल्यासारखी वाटते पण ओढली जात नाही.

दाराच्या काचेवर बोट टेकवलं. दाही बोटं टेकवली. तळवा. कपाळ. दार उघडत नाही, मी त्याची कुणी लागत नाही.

वहिनींच्या भिंतीवर मुठी आपटल्या. पलीकडे राजाभाऊ क्रिकेट बघत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सावनीचा फोन. वाजला, आपोआप उचलला गेला. हॅलो आई, हॅलो, आवाज येत नाहीये गं. मी बोलत होते. सगळं बोलले. नेटवर्कला शिव्या देऊन तिने ठेवला. उद्या येतेच, म्हणाली.

ये. नको, येऊ नकोस. तिचाही फोन जोडलेला आहे.

डब्यातलं पीठ सांडलेलं होतं. मी सांडलं की आपण होऊन, माहीत नाही. त्यावरून चालले, पलीकडे गेले. वळून पाहिलं.

नाही लिहीत.

यंत्र आलं. वाटेत उभी राहिले. नेहमीसारखं वीतभर अंतरावर थबकेल म्हणून —

थबकलं नाही. पायातून गेलं. दुखलं नाही. थोडं हलकं वाटलं, एवढंच. पेटीकडे गेलं आणि घों करून ओकलं.

कॉटवर बसले आहे. पाय वर घेऊन.

१६ नोव्हेंबर, रविवार

आली. तिचं बोट टेकलं, दार उघडलं. यंत्र जागच्या जागी वळलं, पेटीत जाऊन गप्प बसलं. घरात माणूस आलं. चार दिवसांत पहिल्यांदा शांतता.

दार उघडं होतं तेव्हा निसटता आलं असतं. गेले नाही. ती आत आली होती.

हाका मारतेय. मोरीत बघते, गच्चीत बघते. मी तिच्यासमोर आहे. सावनी, मी इथे. ही वही तिच्यापुढे ठेवली होती. तिने उघडली, पानं उलटली, कोरी असल्यासारखी, आणि मिटून ठेवली.

वहिनी आल्या आहेत. उंबऱ्याबाहेरच. ताई बुधवारपासून दिसल्या नाहीत, मला वाटलं तुझ्याकडे आल्यात, म्हणाल्या. सावनी रडतेय. राजाभाऊ म्हणतात पोलीस ठाण्यात जाऊ, चल, मी रिक्षा बघतो.

नको. बस इथेच. दहा मिनिटं बस गं.

ती बाहेर पडली की घर रिकामं. तिच्या मागून लगेच केर. मग तीही थोडी थोडी —

वहिनी, सांगा तिला! तुम्हाला माहीत आहे! मला सांगितलंत ना, मग तिला —

वहिनी डोळे पुसताहेत. खाली उतरल्या.

सावनीने आपला फोन पर्समध्ये टाकला. केस बांधले. चपला.

पेटीच्या तोंडाशी आडवी पडले आहे. पडूनच लिहिते. सगळं अंग वाटेत घातलं आहे. यायचं तर माझ्यावरूनच यावं लागेल. तीस वर्षं इतरांना सांगितलं, आडव्या पडा, हटू नका.

तिने दार उघडलं. मागे वळून बघितलं, थेट माझ्याकडे. आई, म्हणाली.

एक पाय बाहेर.

हिरवा दिवा. तो आवाज. घर रिकामं —

अडथळा ओळखणे —